अझलानच्या पोटातली पेज

‘पूर्ण झोपवा, मला काही दिसायला नको,’ एवढंच अझलान मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणत होता. मनगटावर पट्ट्यांचा गठ्ठा बांधलेला होता. त्यातून रक्त पाझरत होतं आणि तीन बोटं अजिबात वळत नव्हती.

मी भूलतज्ज्ञ आहे. सोलापुरातल्या दोन-तीन हॉस्पिटलांत ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला जाते. त्या दिवशी फोन आला तो एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या केससाठी. तिथं नवी मशिनरी बसवायला मलेशियाहून तिघं इंजिनिअर आले होते. अझलान मलय मुसलमान. लिम चिनी वंशाचा. तिसरा कुमारन तमिळ, त्याचे पणजोबा रबराच्या मळ्यात मजुरीला म्हणून तिकडं गेलेले. तिघं आपसात मलय बोलत आणि मधूनच इंग्रजीवर येत. दुपारी मशिनच्या पत्र्याची धार लागून अझलानचं मनगट कापलं. बोटं वळवणाऱ्या दोऱ्या असतात, त्यांना आम्ही टेंडन म्हणतो. त्या तुटल्या होत्या, आणि सर्जन डॉ. बिराजदारांना त्या संध्याकाळीच जोडायच्या होत्या.

आमचा पहिला प्रश्न ठरलेला: शेवटचं कधी खाल्लं? पूर्ण भूल दिली की घशाची राखण करणारा कुणी उरत नाही. पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं आणि त्यात माणूस दगावतो.

उत्तर सलीमभाईंनी दिलं. ते कारखान्याचे फोरमन, पाहुण्यांची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. रमजान चालू होता. पहाटेच्या सेहरीचा आणि संध्याकाळी रोजा सोडायच्या इफ्तारचा डबा अझलानसाठी रोज त्यांच्याच घरून जायचा.

“मॅडम, रोजा हाय त्यांचा. पहाटेपासून पोटात पाणीबी न्हाई,” ते म्हणाले.

‘रोजा’ हा शब्द ओळखून अझलाननं मान हलवली. कुमारननंही होकार दिला. लिम मात्र खिडकीतून बाहेर बघत होता.

माझ्या हिशेबानं पोट रिकामं होतं. मी औषधं काढायला निघाले, तर लिम माझ्या मागोमाग पॅसेजमध्ये आला. समजा एखाद्यानं खाल्लेलं असलं आणि तसंच झोपवलं तर काय होतं, असं त्यानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हवापाणी बदलल्यानं अझलानचं पोट बिघडलं होतं, अंगात त्राण नव्हतं. दुपारी लिमनंच हॉटेलच्या किचनमधून भाताची पेज करून आणली आणि बळेबळे त्याला खायला लावली. त्यानंतर तासाभरात अपघात झाला. सलीमभाईंच्या घरातल्या बाई आपल्यासाठी पहाटे उठतात, त्यांना हे कळलं तर काय वाटेल, म्हणून अझलाननं कुणाला सांगितलं नव्हतं. कुमारन दुसऱ्या शेडमध्ये असल्यानं त्यालाही माहीत नव्हतं.

“मग आत का बोलला नाहीत?” मी विचारलं.

“डॉक्टर, आमच्याकडे मशीद, देऊळ, चिनी मंदिर एकाच गल्लीत असतं,” तो म्हणाला. “शेजाऱ्याचं सगळं दिसतं. पण त्याच्या धर्माचं जे असेल ते त्यानंच सांगायचं, आपण नाही. लहानपणापासून हेच शिकलोय. मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका.”

मी परत खोलीत गेले आणि सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. दार लावलं, स्टूल ओढून बसले. अझलानला म्हटलं, “तुमचा रोजा तुमचा आणि तुमच्या अल्लाचा. मला फक्त पोटाचं सांगा.”

तो भिंतीकडं वळला. म्हणाला, “पेज. दुपारी. वाटीभर.”

मार लागला की पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे ती पेज अजून तिथंच असणार होती. मी बिराजदारांना सांगितलं, पूर्ण भूल रद्द, ब्लॉक देते. ब्लॉक म्हणजे काखेजवळ इंजेक्शन देऊन तेवढा हात बधिर करायचा. माणूस जागाच राहतो, घशाची राखणही चालू राहते. अझलान जागं राहायला घाबरत होता. शेवटी लिमला गाऊन-टोपी घालून त्याच्या उशाशी बसवलं. हात पडद्याआड होता. लिम मलयमध्ये त्याच्याशी काहीबाही बोलत राहिला. एकदा तर अझलान हसलाही.

दुसरं टेंडन जोडून होत होतं, तेवढ्यात अझलान एकदम म्हणाला, मळमळतंय. मी त्याची मान वळवली, सिस्टरनं तोंडातलं ओढून घेणारी सक्शनची नळी धरली. भाताची शितं जशीच्या तशी बाहेर आली. तो खोकला, थुंकला आणि लाजून सॉरी म्हणाला. बिराजदारांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि इतकं हलकं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. बाहेर आल्यावर अझलाननं स्वतःच सलीमभाईंना सगळं सांगितलं, मी ते त्यांना मराठीत समजावलं. सलीमभाईंनी कपाळाला हात लावला.

“आजाऱ्याला रोजा माफ हाय की! आधी बोलला असता तर घरनंच खिमट पाठवलं असतं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून डब्यात मऊ खिमट येऊ लागलं, तेही तिघांना पुरेल एवढं. मायदेशी परतण्याआधी अझलान टाके दाखवायला आला. त्यानं तीन बोटं वाकवून दाखवली. फिजिओथेरपी बरीच बाकी होती, पण मूठ वळत होती.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. पेशंटचं पोट रिकामं आहे का हे विचारण्याआधी त्याची खोली रिकामी करते.