संपाच्या दिवशीचा आवक नंबर

फायलींचं एक बरं असतं. वर्ष संपलं की त्यांना फडक्यात बांधायचं, वर चिठ्ठी लावायची आणि रेकॉर्ड रूममध्ये ढकलून द्यायचं. किस्स्यांना असं रेकॉर्ड नसतं. ते टेबलावरच साठत जातात आणि चहाला दोन माणसं जमली की आपोआप उघडतात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात मी आस्थापनेला आहे, म्हणजे सगळ्यांच्या रजा, हजेऱ्या आणि सर्व्हिस बुकं माझ्याकडे. त्यामुळे माझ्याकडचा साठा जरा जास्तच. त्यातला निम्मा एकट्या पेन्शनच्या संपाचा आहे. ऐका, आणि मग सांगा, माणसानं चिडू नये तर काय करावं?

मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. दोन हजार पाचच्या एक नोव्हेंबरआधी नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना नाही. नंतरच्यांनाही द्या, म्हणून संप. आमच्या संघटनेचे अध्यक्ष अण्णा. मूळचे शिराळ्याचे, स्वतः जुन्या पेन्शनवाले, रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं, तरी नव्यांसाठी सगळ्यात पुढे. त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. बाकी सगळ्याबद्दल राग आहे.

*

संपाची नोटीस द्यायला आम्ही चौघं अण्णांबरोबर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. अण्णांनी कागद टेबलावर आपटला. साहेबांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि लाल पेन काढलं.

"विषय दोन ओळींत नको, एका ओळीत घ्या. संदर्भ कुठाय? आणि ‘तीव्र’ हा शब्द तीनदा आलाय."

अण्णा काही बोलायच्या आत आमच्यातली एक जण सवयीनं "हो सर" म्हणून मोकळी झाली. ती एक जण म्हणजे मीच. मग काय, कागद पुन्हा टाइप केला. पुन्हा दुरुस्त्या. तिसऱ्यांदा नेला तेव्हा साहेब खुर्चीत मागे रेलले, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले,

"हां. आता वाटतंय, संप होईल."

*

नोटीस गेली आणि माझ्या टेबलावर रजेच्या अर्जांचा ढीग लागला. "मॅडम, संपात मी आहेच, पण सेफ साइड म्हणून मेडिकल टाकून ठेवते." "मॅडम, दोन दिवस संप धरा आणि तिसरा दिवस किरकोळ रजा धरा." संपात पण हाफ डे मिळतो का, असंही एकानं विचारलं. माझं डोकं फिरलं. मी सगळे अर्ज उचलून अण्णांसमोर नेऊन ठेवले.

अण्णा खवळले. सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं.

"लाज वाटू द्या रं! रजा टाकून कोन संप करतंय व्हय? हक्क मागाय निघालाय का जत्रंला?"

लोक खाली मान घालून एकेक करून आपापले अर्ज परत घेऊन गेले. ढिगाच्या तळाशी एक अर्ज उरला. अक्षर अण्णांचं. तीस वर्षांची सवय, दुसरं काय! रजेचं कारण: संप. रजेच्या काळातला पत्ता: ऑफिसच्या गेटसमोर, लिंबाखाली.

*

आता कोळेकर. पुढचं कळायला हा माणूस माहीत हवा.

मारुती कोळेकर आमच्या आवक-जावकला आहे. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आधी त्याच्याकडे जातो. तो शिक्का मारतो, नंबर टाकतो, पोच देतो, मग कागद पुढे जातो. जतच्या पलीकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बोलणं कमी, पण देणाऱ्यानं कागदावर तारीख टाकली की त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं: "वेळ पन टाका." साहेब असोत नाहीतर शिपाई, त्यातून सुटका नाही. अण्णांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तर तीसुद्धा त्यानं आवक करून घेतली आणि अण्णांना पोच दिली. अण्णा आठ दिवस त्याच्याशी बोलत नव्हते.

पण त्याचं हे वेळेचं वेड कुठून आलं ते मला माहीत आहे. आम्ही दोघं एकाच जाहिरातीतले, एकाच यादीतले. ऑर्डरही ऑक्टोबरात बरोबरच निघाल्या. रुजू व्हायला महिन्याची मुदत होती. माझे वडील मिलिटरीतले. त्यांनी साताऱ्याहून मला तिसऱ्या दिवशी एसटीत बसवलं. ती दिवाळी मी सांगलीत भाड्याच्या खोलीवर एकटीनं काढली आणि पणती लावून मनसोक्त रडले. कोळेकरची आई त्याला म्हणाली, "पाडव्याला मेंढरं पुजायची हाईत, दिवाळी करून जा." तो दिवाळी करून आला. त्या वर्षी एक नोव्हेंबर ऐन दिवाळीत आला होता आणि नियम बदललेला होता.

माझ्या त्या रडण्याला आज जुनी पेन्शन आहे. त्याच्या पाडव्याला नाही.

*

संप सुरू झाला. रोज साडेदहा वाजून गेल्यावर ऑफिसात उगवणारी मंडळी पावणेदहाला गेटसमोर सतरंजीवर हजर! का, तर अण्णांनी वही घातली होती आणि सकाळ-संध्याकाळ सही सुरू केली होती. हेच ऑफिसात केलं असतं तर निम्म्या जिल्ह्याची कामं झाली असती, असं मी म्हटलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी लेखा शाखेतलं एक जोडपं गायब. दुपारी बायकोच्या मोबाइलवर स्टेटस आलं: महाबळेश्वर, हातात स्ट्रॉबेरी विथ क्रीमचा ग्लास. सगळ्या सतरंजीवर तो फोटो फिरला. शेवटी अण्णांच्या हातात गेला. अण्णांनी चष्मा वर करून तो बराच वेळ बघितला.

"संपात फूट पडती हे ऐकून हुतो," अण्णा म्हणाले. "पर क्रीम घालून पडती हे पहिल्यांदाच बघतोय."

*

एक आजोबा आले होते. जतकडून एसटीनं, दोन गाड्या बदलून. हातात पिशवी, पिशवीत कागद. त्यांना एका दाखल्यावर सही हवी होती आणि सही करणारा माणूस सतरंजीवर बसून कलिंगड खात होता.

अण्णांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि मागणी समजावून सांगायला घेतली. म्हातारपणी हात पसरायची वेळ येऊ नये, तीस वर्षं राबलेल्या माणसाला आधार पाहिजे, वगैरे. अर्धा तास. आजोबांनी मान डोलावत सगळं ऐकलं. मध्ये दोनदा "व्हय की" म्हणाले. माझी मान खाली गेली होती, कारण त्या माणसाला कुणी कधी पेन्शन देणार नव्हतं आणि तरी तो आमचं ऐकत होता.

अण्णा थांबले. आजोबांनी पिशवीतून कागद काढला.

"समदं पटलं, सायेब. आता सही करा."

*

आणि हा शेवटचा.

संपाच्या आधी काही महिने सरकारनं एक सवलत दिली होती. ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या नोव्हेंबरच्या आधीची आहे, त्यांनी अर्ज केला तर जुनी पेन्शन मिळेल. अर्ज आपापल्या ऑफिसात, जाहिरातीच्या पुराव्यासकट, मुदतीच्या आत. कोळेकर तेव्हापासून जाहिरात शोधत होता. ऑफिसची प्रत कुठल्या तरी पावसाळ्यात भिजून गेलेली. माझ्याकडेही नव्हती, लागलेल्या माणसाला जाहिरात कशाला जपावीशी वाटेल? शेवटी त्याच्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती सापडली. लुगड्यांखाली अंथरलेला पेपर! तो घेऊन कोळेकर सकाळी गेटवर आला, तो मुदतीचा शेवटचा दिवस होता. आणि संपाचा पाचवा.

साहेब आत एकटे बसले होते, ते काही संपावर नव्हते. मी खिडकीतून विचारलं. साहेब म्हणाले, "मी घेईन हो अर्ज. पण आवक नंबर लागेल."

आवक नंबर देणारा माणूस अर्ज हातात घेऊन माझ्या शेजारी उभा होता. शिक्का त्याच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली त्याच्या खिशात.

अण्णा आडवे आले. "कोळेकर, तू आत गेलास तर संप फुटला. आरं, आमी कुनासाठी बसलोय उन्हात? तुज्यासाठीच न्हवं?"

"व्हय," कोळेकर म्हणाला. "मग माज्यासाठी धा मिनिटं मला आत सोडा की."

अण्णा लिंबाकडे बघत राहिले. मग बाजूला झाले आणि घोषणा द्यायला लागले, नेहमीपेक्षा मोठ्यानं, म्हणजे गेट वाजलेलं कुणाला ऐकू येऊ नये.

मी खिडकीतून बघत होते. कोळेकर काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिला, अर्ज काउंटरवर ठेवला. मग फिरून आत गेला, खुर्चीवर बसला, अर्ज वाचला, शिक्का मारला, नंबर टाकला, तारीख टाकली, वेळ टाकली. पोच फाडून काउंटरवर ठेवली. मग पुन्हा बाहेर येऊन ती उचलली आणि घडी घालून खिशात ठेवली. मला हसू आलं, पण मी हसले नाही.

दोन दिवसांनी संप मिटला. हजेरीपट भरायचं काम माझं. अण्णा टेबलाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, एक बी नाव सुटाय नगं. एकजूट कागदावर दिसली पायजे." मीही कंटाळलेली होते. लाल शाईचं पेन घेतलं आणि वरपासून खालपर्यंत, सगळ्या नावांपुढे, सगळे दिवस लिहीत गेले: संप, संप, संप.

पुढच्या महिन्यात साहेबांची बदली झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात वरच्या ऑफिसातून पत्र आलं. टपाल कोळेकरनंच फोडलं. शिक्का मारला, नंबर टाकला, रजिस्टरला नोंद केली आणि आस्थापनेचं पत्र म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

पत्रात लिहिलं होतं, आपण पाठवलेल्या, सोबत जोडलेल्या हजेरीपटावरून श्री. कोळेकर, आवक लिपिक, हे सदर दिवशी संपावर असल्याचे दिसते. सबब सदर दिवशी त्यांचा जुन्या पेन्शनचा अर्ज स्वीकारला गेला असे म्हणता येत नाही. तरी त्या दिवशी पोच कोणी दिली, याचा खुलासा करावा.

मी दोनदा वाचलं. सोबत हजेरीपटाची झेरॉक्स होती. झेरॉक्समध्ये लाल शाई काळी येते, पण अक्षर माझंच होतं.

"कोळेकर," मी म्हटलं, "हे मी लिहिलंय. माझ्या हातनं झालं हे."

"न्हाई मॅडम, बरोबर हाय ते," तो म्हणाला. "मी त्या दिवशी संपावरच हुतो की."

मग त्यानं रजिस्टर माझ्यासमोर उघडून धरलं आणि पत्र मिळाल्याच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली. खाली तारीख टाकली. तो तसाच उभा राहिला.

"वेळ पन टाका, मॅडम."