लॉक केलेल्या अकाउंटमधून गेलेली मेल

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. वसईला आमच्या विहिरीवर लोकांना काय काय दिसायचं, मला आपलं पाणीच दिसलं. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि भीतीपेक्षा राग जास्त आलाय... अजून उतरलेला नाही.

मी एकावन्न वर्षांची. इकडे परदेशात, वॉन शहरात एका वेअरहाउसात सकाळची शिफ्ट करते आणि कॉलेजात बालवाडी शिक्षिकेचा कोर्स. शेवटचं राहिलं होतं ते डेकेअरमधलं प्लेसमेंट, म्हणजे मुलांबरोबर प्रत्यक्ष कामाचा सराव. ते हुकलं की आणखी वर्षभर खोकीच उचलायची. जागा एकच उरली होती. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सही केलेला फॉर्म पाठवायचा, तोही फक्त कॉलेजच्या ईमेलवरून.

गुरुवारी दुपारी त्याच ईमेलवर एक मेल आली — तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथे पासवर्ड टाका. टाकला मी! मूर्खपणा माझा, कबूल. पण दोन मिनिटांत पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचला, घाम फुटला आणि लगेच हेल्पडेस्कला फोन लावला. कॉलेज हेच शिकवतं ना, चूक झाली तर लपवू नका, ताबडतोब कळवा? कळवलं. तिथल्या माणसाने "गुड दॅट यू कॉल्ड" म्हणत अकाउंट लॉक करून टाकलं. उघडणार कधी? सोमवारी!

प्लेसमेंटवाल्या बाईंना फोन केला. माझ्या पर्सनल ईमेलवरून पाठवू? नाही. मुदतीआधी लेकीच्या हातून कागद पाठवू? नाही. नियम म्हणजे नियम. अहो, चोर आला म्हणून ओरडले मी, आणि घराबाहेर काढलं तेही मलाच!

तरी शुक्रवारी सकाळी फॉर्मवर सही केली आणि घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकला. म्हटलं, शिफ्ट सुटली की जाऊन बसते त्यांच्या दारात. पिशवी आणि फोन दोन्ही लॉकरमध्ये, कारण फ्लोअरवर फोन न्यायला बंदी आहे. किल्ली माझ्या गळ्यात. दोनला लॉकर उघडला तर सुकटीच्या चटणीचं तेल गळून फॉर्मच्या कोपऱ्यावर पसरलेलं. तसाच घेऊन कॉलेज गाठलं.

बाई हसून म्हणाल्या, "मिळाली की तुमची मेल! अकरा बेचाळीसला."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव, माझा ईमेल, खाली माझा फॉर्म. माझीच सही. आणि कोपऱ्यावर तोच तेलाचा डाग... येशू देवा! स्कॅन मी केलाच नव्हता, आणि तो कागद सकाळपासून कुलपात होता. मी तो त्यांच्यापुढे धरला.

हेल्पडेस्कवाल्याला बोलावलं. त्याने सगळं तपासलं. अकाउंट गुरुवारपासून लॉकच, आत कोणी शिरलेलं नाही, पाठवलेल्या मेल्समध्ये ही मेलच नाही. मग शहाणा मलाच विचारतो, "पासवर्ड आणखी कोणाला दिला होता?"

"कोणालाही नाही! आणि ज्या चोराला दिला, त्याचं मीच तुम्हाला सांगितलं," मी भडकले. "तो माझ्यासाठी फॉर्म पाठवत बसेल? कुलपातला कागद काढून?"

बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हीच पाठवली म्हणा, विषय संपेल." माझी लेक शर्लिन मला घ्यायला आली होती, ती कानाशी कुजबुजली, "मॉम, जस्ट से येस!" अगदी ओठावर आलं होतं. पण जे केलंच नाही ते केलं कसं म्हणू? म्हटलं, "मी नाही पाठवली."

जागा गेली. मेल ग्राह्य धरता येत नाही असं पत्र आलं, हेल्पडेस्कने फाइल बंद केली. आता मी कुठल्याही लिंकला बोट लावत नाही, अनोळखी पत्ता दिसला की तीनदा वाचते. रोज खोकी उचलते.

ती मेल कोणी पाठवली, कशी पाठवली, मला आजही कळलेलं नाही. माणूस होतं की आणखी काही, ते माझ्या बाजूचं होतं एवढं नक्की. त्याची मेल त्यांनी हसून घेतली. मी समोर उभी राहून खरं बोलले, तर मला परत पाठवलं.