मामांनी घेतलेला बेस अँप्लिफायर

मी पदवीधर झालो तो सखाराममामांमुळे, आणि वसतिगृहातून जवळजवळ हाकलला गेलो तोही सखाराममामांमुळेच. पहिल्या गोष्टीसाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. दुसऱ्या गोष्टीचा राग मला अजून येतो, आणि आज तो मी मनसोक्त काढणार आहे.

मामा घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करत. त्यांची स्वतःची शाळा लवकरच सुटली. पण आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा पहिला माणूस मी असावा, या हट्टापायी त्यांनीच मला नगरच्या वसतिगृहात ठेवलं. मी इतिहास शिकावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. मी बेस गिटार शिकलो.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं, विजेवर बोलणारं वाद्य. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात ते मला मिळालं, कारण बाकी सगळ्यांना गायचं होतं. अँप्लिफायरला जोडलं नाही, तर त्याचा आवाज माठात अडकलेल्या डासाइतका येतो. ऑर्केस्ट्राचा प्रमुख सुधाकर याने मला बजावलं होतं, की खोलीवर नीट सराव कर, नाहीतर स्नेहसंमेलनात तुझी जागा वकिलांच्या मुलाला देईन. (वकिलांच्या मुलाकडे गॉगल होता. बेस गिटार वाजवायला तेवढं पुरतं, असं सुधाकरचं मत होतं.) इकडे आमच्या रेक्टरांचा नियम वेगळाच. ते म्हणाले होते, "आवाज खोलीबाहेर आला, तर तुम्हीही खोलीबाहेर."

म्हणजे मला ऐकू येईल पण रेक्टरांना येणार नाही, असा अँप्लिफायर हवा होता. तसा एक मी रेडिओच्या दुकानात हेरूनही ठेवला होता. बिस्किटाच्या डब्याएवढा, लाकडी, गरीब स्वभावाचा. मामा काही कामाने नगरला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, की मला बेस अँप्लिफायर घ्यायचा आहे.

"बेसच घ्यायचा," मामा म्हणाले. "हलका कशाला घ्यायचा?"

आमच्याकडे बेस म्हणजे उत्तम. बैल बेस असतो, जेवण बेस होतं, लग्नसुद्धा बेस लागतं. हे मला तिथल्या तिथे आठवायला हवं होतं. पण मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि माणूस जसजसा शिकतो तसतसं त्याला घरचं कमी ऐकू येतं.

दुकानात मामांनी माझा डबा बैल बघावा तसा बघितला. पुढून बघितला, मागून बघितला, पाठीवर थाप मारली, उचलून वजन घेतलं. दुकानदाराने तो लावून दाखवला तेव्हा आतून एक मंद, खोल, गोड घुंकार आला. मला अगदी भरून आलं.

"हे आजारी हाय," मामा म्हणाले.

मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे सभांना भाड्याने जाणारं एक धूड बसलं होतं. लोखंडी पेटी, हातात धरायचा माइक आणि दोन भलेमोठे कर्णे. मामांचे डोळे मी ओळखले. खिल्लारी जोडी दिसली की ते असेच होतात. मी घाईघाईने सांगितलं, की मामा, इथे बेस म्हणजे चांगला नव्हे, बेस म्हणजे खालचा आवाज.

"खालचा?" मामांचा चेहरा बदलला. "आरं, आमी जल्मभर खालच्या आवाजात बोललो, त्ये बास झालं. तू वरचा घे."

(मामा खालच्या आवाजात बोलले, की शिवेपलीकडची जनावरं माना वर करत, ही गोष्ट वेगळी.) तरीही ते वाक्य मी मनात घोळवत राहिलो आणि तेवढ्यात मामांनी दुकानदाराचा हात धरून आपल्या उपरण्याखाली ओढला. बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत; कापडाखाली बोटं दाबून ठरवतात. दुकानदार शहरातला. एक अनोळखी गृहस्थ उपरण्याखाली आपली बोटं का कुरवाळतो आहे हे त्याला कळेना, आणि हात सोडवून घ्यायचा धीरही होईना. तो घाबरून नुसती मान हलवत राहिला. मान हलली म्हणजे सौदा पटला! मामांनी त्याच्या तळहातावर टाळी दिली. टाळी पडल्यावर आमच्याकडे सौदा मोडत नाहीत. मोडणाऱ्याला बाजारात कोणी चहा विचारत नाही.

मी भर दुकानात पाय आपटले. मला हे नको, असं चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मामा कौतुकाने दुकानदाराला म्हणाले, "लाजतंय पोरगं. मोठ्या वस्तूची सवय न्हाई."

धूड हातगाडीवरून वसतिगृहात आलं. ते खोलीत बसावं म्हणून माझी खाट व्हरांड्यात गेली. माझा खोलीतला सोबती भानुदास, देवळाली प्रवऱ्याचा, स्वभावाने शांत. त्याने ते दोन कर्णे पाहिले, आपली पुस्तकं उचलली आणि तो निघून गेला. मामांनी हुकूम केला, वाजव. मी बटण अगदी कमीत कमी ठेवून सर्वांत जाड तार हळूच छेडली.

कर्ण्यातून खालचा सूर निघत नाही, हे मला तेव्हा कळलं. जे निघालं ते दारात शेपूट सापडलेल्या म्हशीचं ओरडणं होतं. भिंतीवरचा आरसा खाली आला. मामा खूश झाले. त्यांनी माइक तोंडाजवळ धरला.

"हालो. म्या घोडेगावचा सखाराम. ह्या खोलीत ऱ्हातो त्यो माझा भाचा. ह्याच्या आज्याला सही येत नव्हती. ह्यो बी.ए. करतोय. समद्यांनी ध्यानात ठेवा."

खिडक्या उघडल्या. रेक्टर आले. ते सरळ आत शिरले आणि त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

"आन् हे कोन आलं?" मामांचा आवाज तसूभरही कमी झाला नाही. "रामराम, सायेब!"

रेक्टरांनी हातातल्या पिनेकडे पाहिलं. मग मामांकडे पाहिलं. मग पुन्हा पिनेकडे. शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी ही पेटी इथे दिसली, तर तुम्ही दिसणार नाही."

मामा समाधानाने यष्टीत बसून गावी गेले. मी संतापाने दुकानात गेलो. दुकानदाराने मला पाहताच दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि सांगितलं, की टाळी झाली आहे, तुमच्या मामांनीच शिकवलं, सौदा मोडत नाहीत. मी पाय आपटत खोलीवर आलो, तर दारात सुधाकर उभा. त्याने जे सांगितलं त्यानंतर मी कागद फाटेल इतक्या जोराने मामांना पत्र लिहिलं. ते असं:

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. पेटी यष्टीच्या टपावरून पाठवली आहे, उतरवून घ्यावी. मी रागावलो आहे. हे आधीच कळवतो, म्हणजे पुढे वाचताना घोटाळा होणार नाही. ऑर्केस्ट्रातली माझी जागा गॉगलवाल्याला गेली. सुधाकरने तुमचं भाषण मैदानाच्या पलीकडून ऐकलं. त्याच्या मते आपल्या घरात एक कलावंत आहे, आणि तो मी नव्हे. संमेलनात निवेदन करायला त्याने तुम्हाला बोलावलं आहे. रेक्टरांची हरकत नाही. ते म्हणतात, हरकत घेऊन उपयोग नसतो, हे त्यांनी पिन हातात धरून पाहिलं आहे. तरी यावे. अँप्लिफायर आणू नये, लागणार नाही.

आपला आज्ञाधारक आणि अतिशय रागावलेला भाचा.

ता. क. संमेलनात मलाही काम मिळालं आहे. पडदा ओढायचं. काम बेस आहे. आवाज अजिबात होत नाही."