पहिल्याच रिंगला उचललेला फोन

चुलतभाऊ स्पेनला कारखान्यात गेला, त्याला सहा वर्षं झाली. तिथं माणसं वर्षानुवर्षं बिनकामाची बसून आहेत, असं पेपरात वाचलं आणि मला त्याचाच संशय यायला लागला. ऐन शिफ्टच्या वेळी केलेला माझा फोन तो पहिल्याच रिंगला उचलायचा. कामावरचा माणूस असा उचलतो का?

एकदा चिडून विचारलंच, "खरं सांग, काम सुटलं ना तुझं?"

"दोन वर्षं झाली. घरी सांगू नको. पण तू रोज भर दुपारी एवढा वेळ कसा काय बोलून राह्यला?"

"ऑफिसात जेवणाची सुट्टी हाय," मी बायकोनं दिलेला डबा मांडीवर घेत म्हणालो.

तेवढ्यात जालना स्टेशनचा भोंगा माझ्या डोक्यावर गाडीची घोषणा करायला लागला.