सोमवारची दोरी

सगळं इंग्लंड सोमवारी कपडे धुतं. स्कारवायक बंदराची खालची आळी मात्र मंगळवारी धुते. सोमवारी सकाळच्या भरतीला बोटी निघतात, आणि घरचा माणूस ज्या दिवशी समुद्रावर गेला त्या दिवशी बाईने पाण्यात कपडा बुडवला, तर बोटीवरचा एखादा माणूसही बुडाला असं समजायचं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मुली सोमवारी आपल्या आयांचे कोरडे हात बघतात आणि शिकतात.

विनी मेनप्राइझही तशीच शिकली. बाप, भाऊ, नवरा, सगळे मासेमारीतले. हेरिंग मासे साफ करून करून सोळाव्या वर्षीच तिच्या बोटांवर सुरीच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. लग्न झाल्यावर ती रूबेनच्या घरी आली. घर धक्क्याच्या अगदी वर, उतारावर. मागच्या अंगणातून अख्खं बंदर दिसे. बंदरातूनही अंगण दिसतं, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला.

१९५४ च्या मार्चमधला तो सोमवार. मॅटी सात महिन्यांचा होता आणि त्याला डांग्या खोकला झाला होता. खोकल्याची उबळ आली की लेकरू निळं पडे, आणि उबळ सरली की पोटातलं सगळं बाहेर. शेवटचं दुपटंही पहाटे भरलं. रूबेन ‘ऑलिव्ह ब्रांच’ बोटीकडे निघून गेला होता. विनीची सासू हॅना औषध आणायला वरच्या गावात गेली होती.

विनीने दाराला कडी लावली. चोरी करायला बसावं तशी ती घंगाळापाशी बसली. तीन दुपटी आणि एक लोकरी झबलं. नवऱ्याचं काही नाही, लेकराचं चालत असेल, असं ती मनाशी म्हणत राहिली. घरात वाळत घालता येईना, कारण नर्सने बजावलं होतं, “ओलं काही खोलीत ठेवू नका हं, पोराला दम लागेल.” म्हणून तिने ते चार कपडे अंगणातल्या दोरीवर घातले. वारा छान होता.

तेवढ्यात खाली बोटी सुटल्या. दोन धक्क्यांच्या मधून ‘ऑलिव्ह ब्रांच’ बाहेर पडताना तिने पाहिली. धावत जाऊन तिने कपडे ओढून काढले. अर्धा तास झाला असेल. आजूबाजूच्या सगळ्या अंगणांत दोऱ्या रिकाम्या होत्या. कोणी पाहिलं नव्हतं. फक्त पलीकडच्या धक्क्यावर तिपाईवर कॅमेरा ठेवून गावातला फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेऊन वाकला होता.

गुरुवारी वादळ झालं. शुक्रवारी ‘ऑलिव्ह ब्रांच’ परतली ती निशाण अर्ध्यावर उतरवून. धक्क्यावर उभ्या बायका बोटीवरची माणसं मोजत होत्या. एक कमी होता. विनी पुटपुटली, “रूबेन नको, देवा, रूबेन नको.” मग रूबेनची लाल दाढी दिसली. म्हणजे दुसरं कोणीतरी. ते कोण, हे तिला बाजूला उभ्या असलेल्या शेजारणीच्या, एडी कॅमिशच्या तोंडाकडे बघून कळलं. एडीचा नवरा, जॅक. लाटेने डेकवरून नेला, पुन्हा दिसला नाही. एडीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

घरी आल्यावर हॅनाने विचारलं, “सोमवारी पाण्यात काही गेलं नव्हतं ना गं?”

“नाही, आई.”

इतकंच ती म्हणाली. त्या एका ‘नाही’ने तिची पुढच्या कित्येक वर्षांची झोप खाल्ली.

महिन्याभराने फोटोग्राफरच्या दुकानात पोस्टकार्डं आली: बंदरातून निघणाऱ्या बोटी, मागे उतारावरची घरं. विनीने एक विकत घेतलं, घरी भिंगाखाली धरलं. कोळिणीच्या नजरेला काही शिकवावं लागत नाही. वर डाव्या कोपऱ्यात, तिच्या अंगणात, चार पांढरे ठिपके होते. तिने ते कार्ड चुलीत घातलं. मग दर आठवड्याला एक एक कार्ड घेऊन जाळू लागली. एकदम सगळी घेतली तर संशय येईल. झालं भलतंच. फोटोग्राफर दुकानाच्या दारात उभा राहून म्हणाला, “मिसेस मेनप्राइझ, हे चित्र भारी खपतंय हो! आणखी चार डझन काढली. आणि हे बघा, खिडकीत लावायला मोठंही केलंय.” त्यानंतर विनी बाजाराला जायची ती लांबच्या वाटेने.

एडीने पुन्हा लग्न केलं नाही. दर मंगळवारी विनी दोन अंगणांमधल्या भिंतीवरून तिची बादली ओढून घ्यायची आणि तिच्या चादरी पिळून द्यायची. “अगं, मला हात आहेत,” एडी म्हणायची. विनी ऐकायची नाही. मॅटी मोठा झाला, एडीचा कोळसा आत आणून देऊ लागला, आणि एके दिवशी बोटीवर गेला. विनीने नको म्हटलं, रडली, शेवटी शिदोरी बांधून दिली. रूबेन आजारपणाने अंथरुणातच गेला. आळीत असं मरण भाग्याचं मानतात.

१९९१ मध्ये गावच्या वाचनालयाने बंदराच्या जुन्या फोटोंचं पुस्तक काढायचं ठरवलं. फोटोग्राफरच्या निगेटिव्हच्या जुन्या काचा त्यांच्याकडे आल्या होत्या. फोटोंतली माणसं ओळखायला आळीतल्या म्हाताऱ्यांना बोलावलं. विनीने दोनदा पाय दुखतो म्हणून टाळलं. तिसऱ्यांदा एडीच दारात आली.

“चल गं! पाय दुखतो म्हणे. काल चर्चच्या पायऱ्या चढलीस तेव्हा कोणाचा पाय होता? फुकटचा चहा आहे, केक आहे.”

टेबलावर मोठे फोटो पसरलेले. वाचनालयातल्या मिस थर्केल तिसराच फोटो पुढे सरकवत म्हणाल्या, “हा सगळ्यांत जास्त खपलेला. सोमवार, पंधरा मार्च, चोपन्न.”

विनीने कप बशीत ठेवला. एडीने भिंग घेतलं. डेकवरून ते हळू सरकत गेलं आणि थांबलं.

“हा बघ माझा जॅक,” ती म्हणाली. “टोपी वाकडी. कधी सरळ म्हणून घातली नाही मेल्याने.”

बराच वेळ भिंग तिथेच राहिलं. मग वर चढू लागलं. धक्का, जाळ्यांची शेड, पायऱ्या. विनीला उठून जावंसं वाटत होतं.

“ही आपली आळी. हे काय गं पांढरं?”

“सीगल पक्षी असतील,” मिस थर्केल म्हणाल्या.

“सीगल दोरीवर रांगेने टांगून घेत नाहीत, बाई. चार आहेत.” एडीने भिंग जवळ घेतलं. “हे अंगण…”

“माझं,” विनी म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. “मॅटीची दुपटी. डांग्या खोकला होता त्याला. एकही कोरडं उरलं नव्हतं. मी धुतली, एडी. सोमवारी.”

एडीने भिंग खाली ठेवलं.

“म्हणून माझ्या चादरी पिळायचीस?”

विनीने मान डोलावली.

“सदतीस वर्षं मला वाटत होतं, ही मैत्री आहे.”

“मैत्रीच होती. पण भीतीही होती.”

मिस थर्केल गडबडल्या. “हवं तर… हा कोपरा कापता येईल छापताना.”

“काही कापायचं नाही,” एडी म्हणाली. “पेन घ्या. लिहा, दोरीवर मेनप्राइझांच्या लेकराची दुपटी. लेकराला डांग्या खोकला होता, हेही लिहा. नुसती दुपटी लिहाल तर आळी हिला कच्ची खाईल.”

परतताना एडीच्या दाराशी विनी थांबली. तिला वाटलं, आता दार लागेल आणि पुन्हा उघडणार नाही. कुलपात किल्ली घालता घालता, मागे न बघता एडी म्हणाली, “त्या आठवड्यात जॅकच्या पायात नवे बूट होते. बोटीचा तांडेल म्हणाला होता, सैल आहेत, पाय घसरेल. मीच आणले होते, एक नंबर मोठे. जाड मोजे मावावेत म्हणून.”

विनीने तोंड उघडलं.

“तू काही बोलू नकोस,” एडी म्हणाली आणि आत गेली. मंगळवारी तिने बादली भिंतीवर ठेवली नाही. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाही.

तिसऱ्या सोमवारी मॅटीची बोट निघाली. तो आता तांडेल होता. हवामानाचा अंदाज बरा नव्हता. स्कारवायकात क्वचित पडतं तसं मात्र लख्ख ऊन पडलं होतं. वरच्या गावात दोऱ्या भरून कपडे फडफडत होते. विनी अंगणात उभी राहून बोट धक्क्यांमधून जाताना बघत होती. छातीत तेच जुनं धडधडणं. इतक्या वर्षांत ते एका तसूनेही कमी झालं नव्हतं.

भिंतीपलीकडून आवाज आला. “विनी, घंगाळ कोरडं आहे ना?”

“कोरडं आहे.”

“नुसतं सांगू नकोस. हात दाखव.”

विनीने दोन्ही हात भिंतीवर ठेवले. एडीने तळवे उलटेसुलटे करून पाहिले, बोटांच्या मधेही अंगठा फिरवून पाहिला. मॅटीची बोट दिसेनाशी होईपर्यंत तिने ते हात सोडले नाहीत.