रंगाऱ्यांची पाठ

पोहण्याच्या तलावामागे, पंपाच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती आणि तिथे मालीशताईंचं राज्य होतं. तोंडापुरतं गोल भोक असलेलं एक टेबल, धुतलेल्या टॉवेलांची चवड आणि गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केलेली तेलाची बाटली. बावीस वर्षं त्या तिथे बायकांच्या पाठी रगडत होत्या. पण ‘रगडणं’ म्हटलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. रगडावं न्हाणीघराच्या फरशीला, असं त्या ठणकावून सांगत.

तेल आधी आपल्या तळव्यावर घेऊन कोमट करायचं, गार धार कुणाच्या पाठीवर सोडायची नाही. कण्यावर दाब द्यायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेपासून खांद्यांपर्यंत सावकाश जायचं. जोर बोटांनी लावायचा नाही, पाय रोवून पुढे झुकायचं, की अंगाचं वजन आपोआप उतरतं. आणि एक हात उचलला तरी दुसरा पाठीवरच हवा. दोन्ही हात सुटले की झोपलेलं माणूस जागं होऊन वाट बघायला लागतं. बँकेतल्या कडक बाईसुद्धा त्या टेबलावर चक्क घोरल्या होत्या.

घरचं माणूस मात्र ताईंच्या हाताला दाद देत नव्हतं.

त्यांचे यजमान रंगारी, त्यातही छताचे. भिंत आणि छत मिळतात तिथली रेघ पट्टी न लावता ओढावी ती यांनीच, असं खुद्द कंत्राटदार म्हणायचा, आणि कौतुकाच्या बाबतीत तो एरवी पक्का चिक्कू. गेला पंधरवडा रंगाऱ्यांची मान धरली होती. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. हाडं ठीक आहेत, स्नायू आखडलेत, ते सैल होऊ द्या, म्हणाले. शाळेच्या सभागृहाचं छत खोळंबलं होतं. सोमवारी रंगारी शिडीवर चढले नाहीत तर छत दुसऱ्याला मिळणार होतं आणि यांच्या वाट्याला फाटकं नि खिडक्यांचे गज. उभा जन्म वर बघून काम केलेल्या माणसाला ते कसं सोसावं? घरात कुणी धड बोलेना.

शुक्रवारी आणि शनिवारी ताईंनी त्यांना घरच्या पलंगावर पालथं घातलं. हे म्हणायचे, अजून जोर लाव. मग ताई इरेला पेटून अंगठा रुतवायच्या, शेवटी कोपरावर यायच्या. मान आणखी ताठ झाली. शनिवारी संध्याकाळी आपलाच सुजलेला अंगठा चोळताना ताईंच्या ध्यानात आलं आणि त्या मनातून खजील झाल्या. परक्या बाईच्या पाठीशी त्या कधी भांडल्या नव्हत्या. नवऱ्याच्या पाठीशी दोन दिवस दुसरं काहीच केलं नव्हतं. डॉक्टरकडे उशिरा का गेलात, माझं कधी ऐकता का, सगळा राग अंगठ्यातून उतरत होता.

रविवारी तलाव बंद असतो. दुपारी ताईंनी किल्ली घेतली आणि नवऱ्याला आपल्या खोलीत नेलं. आत शिरताच ते भिंतीचा पोपडा खरवडायला लागले. ताईंनी त्यांना टेबलावर झोपवलं आणि बजावलं, इथे माझं चालतं, तोंड उघडायचं नाही. मग तेल तळव्यांवर घेऊन दोन्ही हात पाठीवर ठेवले आणि तसेच राहू दिले.

थोड्या वेळाने भोकातून आवाज आला, "अगं, सुरू कर की."

"सुरूच आहे," ताई म्हणाल्या.

हाताखाली श्वास वरच्यावर चालला होता. तो पोटापर्यंत जाईपर्यंत त्या थांबल्या, मग श्वास सुटेल तसं झुकायचं आणि घेतला जाईल तसं मागे यायचं, एवढंच करत राहिल्या. मग नवऱ्याचा उजवा हात उचलायला घेतला, तर तो आपणहून वर आला. हे मदत करत होते! ताईंना हसू आलं आणि भरूनही आलं. या माणसाला आयुष्यात कुणी उचललंच नव्हतं, याला सवय फक्त उचलायची. त्यांनी तो हात खाली ठेवला, खांद्याभोवती सावकाश तळवा फिरवला, हात पुन्हा उचलला. चौथ्या खेपेला तो हात ओल्या वाळूच्या पोत्यासारखा जड होऊन त्यांच्या हातात आला. ताईंना तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. पण एक हात पाठीवर होता, तो त्यांनी काढला नाही. रंगारी दोन तास झोपले.

सोमवारी सकाळी ताई सभागृहाच्या दारात उभ्या राहिल्या. रंगारी शिडी चढले, मान मागे गेली आणि ब्रश कोपऱ्यातून निघाला. रेघ सरळ चालली होती. कंत्राटदाराने खालून विचारलं, कोणत्या डॉक्टरांनी बरं केलं?

"डॉक्टर कसले, बायकोने," रंगारी सगळ्यांना ऐकू जाईल असं वरून म्हणाले. "तिच्यासारखा हात सबंध गावात कुणाचा नाही."

नवऱ्याने चारचौघांत आपलं कौतुक केलेलं ताई जन्मात पहिल्यांदा ऐकत होत्या. रेघ समोरच्या कोपऱ्याला भिडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. तलावावर पोचायला अर्धा तास उशीर झाला, आणि तो का झाला हे त्या दिवसभर येईल त्या बाईला, ती विचारो न विचारो, सांगत सुटल्या.