शीग लावून भरलेला आवाज

भोजराज धानाचा व्यापारी. पायलीच्या काठावर धानाची शीग चढली की माप पुरं झालं, एवढ्या एका शहाणपणावर त्याने गोंदियात गिरणी उभी केली. १९५७ साली त्याने कलकत्त्याहून टेपरेकॉर्डर आणला आणि तेच शहाणपण त्यालाही लावलं. यंत्रावर एक हिरवा डोळा होता. आवाज चढला की त्यातल्या उजेडाच्या दोन पाकळ्या जवळ येत. पाकळ्या टेकल्या की थांबायचं असतं. भोजराजला वाटे, आता माप भरलं, आता शीग चढवायची! त्यामुळे त्याच्या घरचं प्रत्येक भजन पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाजे. पाहुणे तरीही "वा, वा" म्हणत. चहा चांगला मिळे.

शेजारच्या निर्मलाबाईला त्या दुपारी त्याच्याच दारी जावं लागलं. सासू धुरपताच्या गळ्यात गाठ होती. उद्या नागपूरला ऑपरेशन, आणि आवाज राहीलच असं डॉक्टर सांगत नव्हते. निर्मलाबाईची तीन वर्षांची सावित्री आजीच्या पाळण्याच्या गाण्याशिवाय डोळा मिटत नसे. ते गाणं आजच टेपवर उतरायला हवं होतं.

भोजराजने माईकसमोर तबला बसवला, पेटी बसवली आणि म्हातारीला मागे. पाळण्याच्या गाण्याला तबला! बटण शेवटपर्यंत पिळलं. टेप लावून ऐकली तर नुसती खरखर.

"काकी, गला बैठ गया तुमचा," तो म्हणाला.

"काऊन रे भोजराज, मशीन तुई फाटकी अन् दोष माह्या गळ्याले? मी गाऊन राहिली का तुई गिरण चालून राहिली?"

दुसऱ्यांदाही तेच झालं. धुरपताला खोकल्याची उबळ आली. "आता एकडाव गाईन," ती म्हणाली. "मंग नाही जमत."

निर्मलाबाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेली. तिने पाहिलं होतं की यंत्राचा हिरवा डोळा मिटतो तो तबल्याच्या थापेला, आजीच्या आवाजाला नाही. तिने तबला-पेटी अंगणात धाडली. खिडक्या लावल्या, दारावर गोधडी टाकली. माईक आजीच्या तोंडापासून वीतभर, जरा बाजूला ठेवला. आजीला सगळ्यांत वरची ओळ हळूच गुणगुणायला लावली आणि पाकळ्यांत फट राहील इतकं बटण मागे घेतलं.

"वैनी, आवाज कम होईल ना!"

"भाऊजी, पायलीतून सांडलेलं धान कुठं जातं?"

"खाली. झाडून घेतो."

"सांडलेला आवाज झाडून घेता येत नाही. तो तिथंच फाटतो. वाढवायचा तर ऐकताना वाढवा."

भोजराजने अशी मान हलवली, जणू हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

धुरपता गायली. टेप परत फिरवून निर्मलाबाईने ऐकायचं बटण बरंच चढवलं. आवाज खोलीभर भरला, कुठंही न चिरता. शेवटच्या ओळीआधी आजीने घेतलेला श्वासही त्यात होता. आजीजवळ बसलेल्या सावित्रीने आधी यंत्राकडे पाहिलं, मग आजीकडे. मग आजीच्या मांडीवर डोकं टेकलं. तिचे डोळे मिटत आले.

भोजराज खुशीत आला. बटणाकडे हात नेत म्हणाला, "थोडा और..."

धुरपताने त्याचं मनगट धरलं. "लेकरू निजून राहिलं. हात त लावून पाह्य!"

गाणं संपेपर्यंत त्याचा हात तसाच अधांतरी राहिला. त्याच्या घरात त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आवाज नीट ऐकू आला, तो त्या दुपारीच.